पाणी मुरतं डोंगराखाली, उपसतो मैदानात: यावल-रावेरच्या सातपुडा पायथ्याचं प्रकरण

रावेरहून सावदा, फैजपूर, यावल करत चोपड्याकडे निघालं की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत असतो. दोन्ही बाजूंना केळीच केळी. डाव्या बाजूला तापीपर्यंत कसदार, खोल माती. उजवीकडे वळून डोंगराच्या दिशेने गेलं की जमीन हळूहळू चढायला लागते, मातीत गोटे दिसू लागतात, पुढे मातीपेक्षा गोटेच जास्त होतात आणि मग थेट डोंगर उभा राहतो. हे प्रकरण त्या उजव्या हाताच्या पट्ट्याचं आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांची नावं केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत वारंवार ‘अतिशोषित’ गटात आली आहेत. वर्षभरात जेवढं पाणी उपसता येण्याजोगं आहे, त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका सुरक्षित धरतात. ९० टक्क्यांच्या पुढे गेला की शोषित आणि १०० टक्के ओलांडले की अतिशोषित. त्यामुळे इथल्या पाण्याची चर्चा सुरू झाली की ती लगेच उपशावर जाते: ट्यूबवेल किती फूट गेली, मोटर किती हॉर्सपॉवरची, वीज किती तास. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण खात्याला जशी नावेची बाजू असते तशी जमेचीही असते. ती जमा ठरते डोंगरात आणि पायथ्याला जमीन कशी वापरली जाते त्यावर, आणि तिकडे पाहणारं आज कोणी नाही. माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे.

गोट्यांचा पट्टा

सातपुडा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्याच्या दक्षिण पायथ्याशी भूकवचाला मोठा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग आहे. भ्रंशाच्या दक्षिणेकडचा भाग खचला आणि त्या खोलगटात तापी व तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षं गाळ भरला. म्हणून जळगावच्या दक्षिणेकडे पाचोरा-चाळीसगावला विहीर खणताना लवकर खडक लागतो, आणि यावल-रावेरला शेकडो फूट खाली गेलं तरी माती, वाळू, चिकणमाती यांचेच थर लागत राहतात.

सुकी, मोर अशा नद्या आणि असंख्य नाले डोंगरातून तीव्र उताराने येतात. पायथ्याला उतार एकदम कमी होतो, पाण्याचा जोर मोडतो आणि ते अंगावरचं ओझं टाकायला लागतं. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग रेती, आणि सगळ्यात बारीक गाळ पार तापीच्या बाजूला. पायथ्याच्या या भरड पट्ट्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. गावकऱ्यांच्या तोंडी ती बरड जमीन.

या बरडाचं काम पाहायचं असेल तर पावसाळ्यात एखादा नाला डोंगरातून खाली उतरताना पाहावा. डोंगरात तो खळाळत असतो. पायथ्याला आला की पात्र रुंद होतं, धोंड्यांमधून पाणी फाटे फोडतं, धार बारीक होते, आणि पाऊस मध्यम असेल तर थोडं खाली गेल्यावर पात्र कोरडं सापडतं. पाणी कुठेही वळलेलं नसतं, ते खाली गेलेलं असतं. गोट्यांच्या फटींतून ते खोल उतरतं आणि जमिनीखालून दक्षिणेकडे, केळीच्या मैदानाखालच्या वाळूच्या थरांत सरकतं. मैदानात मात्र या वाळूच्या थरांवर चिकणमातीचे जाड थर आहेत. तिथे पडलेला पाऊस वरच्या मातीत ओल धरतो, खालच्या पाण्यापर्यंत फार थोडा पोचतो. त्यामुळे मैदानातल्या ट्यूबवेलला लागणारं पाणी मोठ्या प्रमाणात उत्तरेच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच आत शिरलेलं असतं.

एक साधा हिशेब करून पाहू. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होतं. या भागात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे हेक्टरी ७० लाख लिटर. केळीला मोकाट पाणी दिलं तर लावणीपासून कापणीपर्यंत १,८०० ते २,२०० मिलिमीटर लागतं. ठिबकची बचत आणि पावसाचा थेट हातभार धरून त्यातलं निदान ८० लाख लिटर विहिरीतून उचलावं लागतं असं धरू. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा मुरतो असंही धरू, तर एका हेक्टरवर मुरलेलं पाणी ७ लाख लिटर. म्हणजे केळीच्या एका हेक्टरला अकरा-बारा हेक्टर जमिनीचं मुरलेलं पाणी लागलं. गृहीतं थोडी इकडेतिकडे केली तरी चित्र बदलत नाही. ही अकरा-बारा हेक्टर जमीन केळीवाल्याच्या सातबाऱ्यावर नाही. ती वर आहे, वनखात्याच्या, पावरा-बारेला-तडवी-भिल्ल या आदिवासी कुटुंबांच्या आणि बरडातल्या अल्पभूधारकांच्या ताब्यात.

हिशेबात नसलेला डोंगर

भूजलाचं सरकारी मूल्यांकन ठरलेल्या पद्धतीने होतं. त्या पद्धतीत २० टक्क्यांहून जास्त उताराची जमीन पुनर्भरणाच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरण्याच्या, क्षेत्रातून वगळतात, कारण तिथे पडलेलं पाणी मुरण्यापेक्षा वाहून जातं. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काढता येत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही प्रत्येक पाणलोटाचे अपधाव (जिथून पाणी वाहून जातं), पुनर्भरण आणि साठवण असे तीन भाग पाडते, आणि डोंगर अपधावात येतो.

पण यातून प्रशासनात एक समज रुजली आहे, की डोंगराचा भूजलाशी संबंध नाही. डोंगर वनखात्याचा, भूजल दुसऱ्या यंत्रणेचं, बरड महसूलचं आणि केळी कृषी विभागाची. वाहून जाणारं पाणी पायथ्याला कसं येतं, संथ की धबाधबा, नितळ की गढूळ, ही नोंद कुठल्याच कागदावर नसते. खाली किती मुरणार हे मात्र नेमकं त्यावर ठरतं.

गढूळ पाण्याचा परिणाम

सातपुड्याचा हा भाग कोरड्या पानगळी जंगलाचा. साग, अंजन, सालई, धावडा, बांबू. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, आणि पालच्या बाजूला आजही चांगले दाट पट्टे आहेत. इतरत्र जंगल विरळ झालं आहे. कुठे तोड, कुठे वणवा, कुठे अतिचराई, कुठे उतारावर मका, ज्वारी, कापूस.

‘झाडं लावा, पाणी वाढेल’ हे वाक्य मी वापरत नाही, कारण ते अर्धवट आहे. झाड पाणी पितंही. दाट लागवड केलेल्या जागी भूजल घटल्याची उदाहरणं जगभर आहेत. सातपुड्यासारख्या डोंगरात जंगलाचा मुख्य उपयोग वेगळा आहे. पालापाचोळा आणि गवत पावसाचा मार अंगावर घेतात, मातीची वरची साय धरून ठेवतात, मुळं आणि वाळवीची बिळं पाण्याला आत वाट देतात. वळवाचा पाऊस उघड्या, नांगरलेल्या उतारावर पडला तर थेंबाच्या माऱ्याने माती फुटते, तिची बारीक पूड वरच्या छिद्रांत बसते आणि वीस मिनिटांत उतार लिंपल्यासारखा होतो. मग पाणी थांबत नाही, माती घेऊन उतरतं.

ते बरडावर पोचतं तेव्हा काय होतं, हे एखाद्या पाझर तलावाच्या तळाशी उन्हाळ्यात उतरून पाहावं. वर चिकणमातीचा थर असतो. वाळून त्याच्या भेगाळलेल्या पोपड्या झालेल्या असतात, कडेला वर वळलेल्या, उन्हात घातलेल्या पापडांसारख्या. एक पोपडी उचलली की खाली कोरडी, मोकळी रेती आणि गोटे दिसतात. थर दोन-तीन बोटांचाच असतो, पण पावसाळ्यात तो ओला झाला की फुगतो, भेगा मिटतात आणि तलावात पाणी नुसतं उभं राहतं. गावाला वाटतं, यंदा तलाव भरला. खरं तर पाझर तलाव भरून राहणं हे अपयश आहे. तो रिकामा होत राहिला पाहिजे. तळ बंद पडला की ते पाणी उन्हाने उडतं. वर उतार उघडे पडले की खाली एकामागून एक तलाव, नालाबांध आणि पात्रं अशी लिंपली जातात.

गाळ काढण्याच्या योजना आल्या, काही ठिकाणी चांगलं कामही झालं. पण डोंगरातून दरवर्षी नवा गाळ येणार असेल तर हे काम कधीच संपत नाही. माथा ते पायथा हा क्रम पाणलोटाच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. निविदा मात्र पायथ्याच्या सिमेंट बंधाऱ्याची आधी निघते, कारण तो दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. उतारावरच्या दगडी बांधाचं आणि गवताचं उद्घाटन कोण करणार?

बरडाची बाग होते तेव्हा

हा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. बरड पूर्वी पडीक धरायचे. गुरं चरायची, पावसाळी ज्वारी-तूर व्हायची. मैदानातली पातळी खोल गेली आणि जमिनीचे भाव चढले तशी केळी उत्तरेला सरकली. जेसीबी लावून गोटे वेचायचे, बांधाला ढीग घालायचे, सपाटी करायची, वर काळी माती किंवा तलावाचा गाळ पसरायचा, ट्यूबवेल, ठिबक, टिश्यूची रोपं. दोन वर्षांत ओळखू न येणारी बाग उभी राहते. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बरडावर केळी पिकवणं ही मेहनतीची आणि हिमतीची गोष्ट आहे.

पण या एका बदलात तीन गोष्टी घडतात. भरड जमिनीवर चिकण गाळ पसरला की पाणी आत जाण्याची वाट अरुंद होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मैदानातल्या हलक्या रानासाठी उपकारक आहे. तोच गाळ पुनर्भरणाच्या पट्ट्यावर पडला तर शेताचा फायदा होतो आणि तालुक्याचा तोटा. दुसरं, जिथे पाणी आत शिरतं तिथेच उपसा सुरू होतो, म्हणजे खाली मैदानाकडे सरकणारं पाणी वाटेतच उचललं जातं. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: खत. केळी हे नत्र आणि पालाशची भूक मोठी असलेलं पीक आहे. ठिबकमधून युरिया नियमित जातो. काळ्या मातीत नत्राला धरून ठेवायला माती असते, गोट्यांत काही नसतं. पिकाने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर सरळ खाली जातं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणी बाटलीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. नायट्रेट उकळून जात नाही, तुरटीने बसत नाही. बरडावर पडलेलं जास्तीचं खत त्याच शेताच्या विहिरीपुरतं राहत नाही, ते खालच्या गावांच्या नळापर्यंत प्रवास करू शकतं.

नाल्यांच्या तोंडाशी होणारा रेती, गोटा आणि मुरमाचा उपसा याच यादीत येतो. पात्रातले गोटे नेले की पाणी थबकायला जागा उरत नाही, पात्र खोल होतं, पूर सरळ तापीला जातो.

ठिबकबद्दल इथेच बोललं पाहिजे. जळगावने देशाला ठिबक शिकवलं आणि त्याचा अभिमान रास्त आहे. एकरी पाणी वाचलं हे खरं. वाचलेलं पाणी जमिनीत मात्र राहिलं नाही, त्यावर आणखी एकर लागले. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लावणी) होती तिथे कांदेबागही (पावसाळ्यानंतरची लावणी) आली. पुनर्भरण वाढलं नाही आणि क्षेत्र वाढत गेलं, तर नुसत्या ठिबकने पातळी वर येणार कशी?

कायदा कुठे पोचतो

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला राज्यात १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहे. नंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. त्यात अधिसूचित क्षेत्रं आणि पाणलोट पातळीवरच्या समित्या आहेत. कागदावर चौकट चांगली आहे. पण ५०० मीटरचं वर्तुळ विहिरीचं रक्षण करतं, विहिरीत पाणी जिथून येतं त्या जमिनीचं नाही. मैदानातल्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आणि तिला भरणारा बरड यांच्यात काही किलोमीटरचं अंतर असतं. बरडात कोणी खाण काढली, गाव वसवलं, कचरा टाकला, तर खालच्या ग्रामपंचायतीला हरकत घ्यायलाही जागा नाही, कारण ती हद्दच तिची नाही.

खान्देशातच असलेली उत्तरं

धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं छोटं गाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं जंगल बोडकं झालं होतं आणि पाण्याचे हाल होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नियम केले: तोड केली तर दंड, राखणीची पाळी, वर समतल चर, खाली बांध. जंगल परतलं, विहिरींना पाणी आलं, भातशेती सुधारली. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीत हेच काम जंगलाऐवजी गवताने केलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चर यांनी उघड्या टेकड्यांवर कुरण उभं राहिलं आणि विहिरींना त्याचा फायदा झाला.

ही उदाहरणं यावल-रावेरला जशीच्या तशी लागू होणार नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे. बारीपाड्यात जंगल राखणारा आणि त्याचं पाणी वापरणारा माणूस एकच आहे. त्याने केलेला त्याग त्याच्याच विहिरीत परत येतो. सातपुड्याच्या या पायथ्याला राखायचं वरच्याने आणि बाग फुलणार खालच्याची. वरच्या पाड्यावर पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन फिरायचं, आणि त्याच पाड्याच्या उतारावरून वाहिलेल्या पाण्यावर खाली केळीचे ट्रक भरायचे. हा अन्याय बाजूला ठेवून ‘आदिवासींनी अतिक्रमण केलं’ एवढंच म्हणणं मला पटत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्याचा हक्क तो मान्य करतो. त्यानंतरची तोड बेकायदा आहे आणि ती थांबलीच पाहिजे. पण ज्यांचा हक्क सिद्ध झाला त्यांच्या उतारावर दगडी बांध, बांधावर गवत, मोह, चारोळी, बांबू उभं करायचं असेल तर त्याचा मोबदला खालच्या पिकाने द्यायला हवा. केळीच्या खरेदीवर क्विंटलमागे अगदी किरकोळ रक्कम कापून ती वरच्या ग्रामसभांच्या हाती देता येईल. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भूगोलात सातपुडा येतोच.

महापुनर्भरणाच्या आधी

तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला नेऊन बझाड्यात मुरवायचं, ही तापी महापुनर्भरणाची कल्पना खूप वर्षांची. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात त्याचा करार झाला. कल्पना शास्त्रीयदृष्ट्या भक्कम आहे. एवढी मोकळी, खोल आणि रिकामी होत गेलेली भूगर्भातली जागा देशात थोड्याच ठिकाणी असेल.

म्हणूनच आत्ता घाई करावीशी वाटते. कालवा येईपर्यंत बरडाचं काय होणार? गोटे उपसले गेले, गाळ पसरला गेला, वस्त्या आणि वीटभट्ट्या आल्या, तर पाणी आणून सोडायचं कुठे? शिवाय पुराचं पाणी गढूळच असतं. ते आधी कुंडांत निवळवून मगच गोट्यांत सोडावं लागेल, नाहीतर वर सांगितलेला पोपड्यांचा थर किलोमीटरच्या हिशेबाने तयार होईल. निवळण कुंडांना जागा लागते, आणि ती आज राखली तरच उद्या मिळेल.

पहिलं काम नकाशाचं आहे. भूजल यंत्रणेकडे थरांची माहिती आहे. बझाड्याची हद्द गट क्रमांकांवर उतरवून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘पुनर्भरण क्षेत्र’ अशी नोंद करता येईल. त्याने कोणाची मालकी जात नाही, पण खाणपट्टा, बिनशेती परवानगी, कचरा डेपो या प्रत्येक अर्जाच्या वेळी ती नोंद समोर येईल. नाल्यांची तोंडं, म्हणजे डोंगर सुटल्यापासूनचा पहिला टप्पा, गौण खनिजाच्या लिलावातून कायमची वगळावी. बरडावर केळी आहेच, तिथे माती परीक्षणाशिवाय नत्राचा हप्ता देऊ नये, आणि बागेच्या सगळ्यात भरड कोपऱ्यात पाणी मुरायला मोकळा तुकडा सोडणाऱ्याला ठिबकच्या अनुदानात झुकतं माप द्यावं. पाझर तलावांच्या वरच्या तोंडाला गाळ अडवणारा छोटा दगडी बांध आधी, तलावाचं खोलीकरण नंतर. काढलेला गाळ मैदानात न्यावा, बरडावर टाकू नये.

या कामाचा परिणाम मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. एका नाल्याच्या काठाने डोंगराच्या पायथ्याची एक, बरडाच्या मधली एक आणि मैदानातली एक अशा तीन विहिरी निवडून गावातल्या शाळेने किंवा सोसायटीने त्याच महिन्यांत दोर आणि वजन सोडून पातळी लिहायची, सोबत मे आणि ऑक्टोबरला पाण्याचा नमुना नायट्रेटसाठी तपासायला द्यायचा. मे ते ऑक्टोबर पायथ्याची विहीर किती चढते, आणि तो चढ मैदानात किती महिन्यांनी पोचतो, हे चार-पाच वर्षांच्या वहीत स्पष्ट दिसेल. पहिली नोंद मृगबागेच्या लावणीआधी, मे महिन्यात घ्यावी, कारण तेव्हा पातळी वर्षातली सगळ्यात खोल असते.